खोडरबर सरांचा सत्कार

खोडरबर सरांना कुणी पाहिलेलं नव्हतं, पण ते कसे असतील याबद्दल कुणाला शंकाही नव्हती. सत्तरीच्या आसपासचे, निवृत्त प्राध्यापक, सदाशिव नाहीतर नारायण पेठेत राहणारे, दुपारी झोपेच्या वेळेत फोन न उचलणारे. फेसबुकवरच्या त्यांच्या पानावर फोटोच्या जागी कडा काळ्या पडलेला, झिजलेला गुलाबी खोडरबर होता आणि त्याखाली एकच ओळ होती : ‘लिहिणं सोपं झालं, म्हणून ही वेळ आली.’

दर रविवारी सकाळी ते एका पुस्तकाचं परीक्षण टाकत. पुस्तक नेहमी लेखकाने स्वतःच्या खर्चाने काढलेलं असे. एका कवितासंग्रहाबद्दल त्यांनी लिहिलं होतं, ‘कागद उत्तम आहे. त्यावर काहीही लिहिता आलं असतं.’ एका कादंबरीबद्दल लिहिलं होतं, ‘प्रस्तावना लेखकाच्या मेहुण्यांनी लिहिली आहे. मेहुण्यांचा नाइलाज आपण समजू शकतो.’ लोक हसून लोळत. ज्यांची पुस्तकं निघालेली नसत ते जास्त हसत. ज्यांची निघणार असत ते हसता हसता मध्येच थांबत.

खोडरबर सर म्हणजे कसबा पेठेत राहणारी तरन्नुम अत्तार. वय चौतीस, नोकरी प्रूफरीडरची.

हा मुखवटा तिने हौसेने घेतला नव्हता. पाच वर्षांपूर्वी वाचकांच्या एका गटावर तिने स्वतःच्या नावाने एका प्रवासवर्णनाचं परीक्षण टाकलं होतं. तीन रविवार खपून लिहिलेलं, पुस्तकातल्या नदीचे प्रवाह उलटे वाहतात हे नकाशासकट दाखवून देणारं. प्रतिक्रिया भरपूर आल्या. ‘किती सुंदर मराठी आहे हो तुमचं!’ ‘कुठे शिकलात?’ ‘अशी माणसं पाहिली की बरं वाटतं.’ एका बाईंनी विचारलं, ‘घरी पण मराठीच बोलता का?’ नदीबद्दल कुणी एक अक्षर काढलं नाही. लेखकाने तर तिला शुभेच्छा दिल्या.

तिचा जन्म कसब्यातला, शाळा कसब्यातली. वडील दादामियाँ बाइंडिंगचं काम करत, त्यामुळे शिवायला आलेली पुस्तकं वाचतच ती मोठी झाली होती. मराठीबद्दल तिला शाबासकी नको होती. भांडण हवं होतं. पुढच्या महिन्यात तिने खोडरबरचा फोटो काढला, नवं पान उघडलं आणि त्याच पुस्तकाबद्दल तेच लिहिलं, फक्त अर्ध्या लांबीत आणि दुप्पट विखारी. चार दिवस लोक नदीवरून भांडत राहिले. त्या खोडरबरामागे कुणाला आपलं नाव दिसू नये, एवढीच तिची इच्छा होती. नाव दिसलं की लोक वाचायचं सोडून तिच्याकडे बघतील, हे तिने एकदा अनुभवलं होतं.

शिवाय नोकरीही होती. आमोदच्या ‘अक्षरघाट’ नावाच्या संस्थेत ती काम करायची. लेखकाने खर्च उचलायचा आणि आमोदने पुस्तक छापून द्यायचं, असा तो धंदा. ‘छान झालंय, सर’ हे वाक्य तिला दिवसभरात इतक्यांदा म्हणावं लागे, की ते म्हणताना तिचं डोकं दुसरंच काही वाचत असे. डबा खाताना मोबाइलवर ती खोडरबर व्हायची. ज्या पुस्तकाचं प्रूफ आपण वाचलं त्याला खोडरबर लावायचा नाही, हा तिचा नियम होता. तो बरीच वर्षं टिकला. कवितासंग्रहाच्या वेळी पहिल्यांदा मोडला, आणि एकदा मोडल्यावर तो नियम आहे हे ती विसरूनच गेली.

त्या आठवड्यात नवं पुस्तक वाचायला सवड झाली नव्हती आणि शनिवार उजाडला होता. रविवार चुकवला तर लोक विचारतात, ‘सर, तब्येत बरी आहे ना?’ ते तिला नको होतं. कॉम्प्युटरवर दोन महिन्यांपूर्वी वाचलेल्या एका प्रूफाची फाइल होती. पुस्तक आता छापून आलं होतं, गठ्ठे तिच्या खुर्चीमागेच रचलेले होते. ‘विहिरीकाठची मथुरा’, लेखक हिंमतराव कुदळे, धायरी. आपल्या आईचं चरित्र लिहिलं होतं त्यांनी. जमीन बिल्डरला गेल्यावर हिंमतरावांकडे वेळच वेळ उरला होता, आणि तो सगळा त्यांनी पुस्तकात ओतला होता. आई मोटेचं पाणी धरते, आई भाजी डोक्यावर घेऊन मंडईपर्यंत चालत जाते, आई कुणापुढे वाकत नाही. मध्येच एक वाक्य होतं :

‘माझा धाकटा भाऊ दीड महिन्याचा असताना तापाने गेला, आईने त्याला बांधालगत पुरलं आणि दुसऱ्या दिवशी त्याच वाफ्यातली वांगी तोडून मंडईत नेली, कारण वांगी थांबत नाहीत.’

पुढच्याच ओळीला गुऱ्हाळाचं वर्णन सुरू होत होतं.

तरन्नुमने मागचा गठ्ठा सोडून पुस्तक उघडलं नाही. कॉम्प्युटरवरून वाक्य उचललं, फोनवर घेतलं आणि डब्यातली पोळी संपायच्या आत परीक्षण लिहून ठेवलं. शेवट असा केला : ‘वांगी थांबत नाहीत, हे मान्य. लेखकही थांबत नाही. तो लगेच गुऱ्हाळात जाऊन रस प्यायला लागतो. आमचा जीव मात्र त्या वाफ्यात अडकून पडला आहे. वांगी चवीला कशी होती?’

रविवारी सकाळी ते गेलं आणि सोमवारी ते तिच्या हातात राहिलं नव्हतं. कुणी काहीही लिहिलं, राजकारण, क्रिकेट, लग्नाचा फोटो, तरी खाली लोक विचारायला लागले, ‘वांगी चवीला कशी होती?’ विश्रांतवाडीतल्या एका तरुणाने भरल्या वांग्यांचं रील केलं आणि शेवटी कॅमेऱ्याकडे बघून डोळा मारला, ‘बांधालगतची आहेत बरं का!’ पानाला अनुयायी इतके वाढले की तरन्नुम तासातासाला आकडा बघायची. ऑफिसात आमोदनेही तिला ते परीक्षण वाचून दाखवलं.

“कोण आहे हा म्हातारा, शोधून काढला पाहिजे,” तो म्हणाला. “आपला क्लायंट आहे गं. पण च्यायला, लिहितो भारी.”

“आपल्याला काय करायचंय,” तरन्नुम म्हणाली.

बुधवारी खोडरबरच्या पानावर एक संदेश आला. ‘आदरणीय सर, सप्रेम नमस्कार. मी हिंमतराव कुदळे. आपण माझ्या पुस्तकातलं जे वाक्य दिलं आहे ते मला पुस्तकात सापडत नाही. कृपया पान क्रमांक कळवावा. आपला विश्वासू.’

तिला हसू आलं. तिने संदेशाचा स्क्रीनशॉट काढला आणि पानावर टाकला. वर लिहिलं, ‘लेखकाला स्वतःचं वाक्य सापडत नाही. आम्हाला त्यात लेखक सापडत नाही. फिटंफाट.’ हशा पिकला. दुपारपर्यंत हशा चालू होता. मग एका वाचकाने भाबडेपणाने लिहिलं, ‘सर, मी मुद्दाम पुस्तक मागवलं. दोनदा वाचलं. मलाही ते वाक्य दिसलं नाही. माझी प्रत खराब आहे का?’

तरन्नुमने तेव्हा पहिल्यांदा खुर्ची मागे फिरवली आणि गठ्ठ्याची सुतळी कापली. मंडईपर्यंत सगळं तिने वाचलेलंच होतं. मग सरळ गुऱ्हाळ. मध्ये काही नव्हतं. भाऊसुद्धा नव्हता.

पुस्तकाची पानं लावणारी श्रद्धा पलीकडच्या टेबलावर बसायची. तिला अक्षरं दिसत, मजकूर दिसत नसे.

“श्रद्धा, कुदळेंच्या पुस्तकात शेवटी काही बदल झाले होते का?”

“झाले होते की. छपाईला जायच्या आदल्या दिवशी काका स्वतः आले होते. एक वाक्य उडवायला लावलं. आणि अगं, तूच विचारलं होतंस ना त्यांना प्रूफवर, ठेवायचं का म्हणून?”

 ‘ठेवायचं का?’ हे तरन्नुम रोज विचारत असे. दर पुस्तकात दहा ठिकाणी, समासात, लाल पेनाने. लेखकांनी त्याचं उत्तर काय दिलं, ते बघायचं काम तिचं नव्हतं.

परीक्षण काढून टाकावं, तर का काढलं ते लोक विचारणार. चूक कबूल करावी, तर छापायच्या आधीचं वाक्य सरांना कुठून मिळालं, तेही विचारणार. प्रूफ पाहिलेली माणसं एका हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी होती. तिने भाबड्या वाचकाची प्रतिक्रिया पुसली, त्याला ब्लॉक केलं आणि गप्प बसायचं ठरवलं. इंटरनेटवर कुठलीही गोष्ट आठवड्याभरात शिळी होते, हा तिचा अनुभव होता.

शुक्रवारी हिंमतराव ऑफिसात आले. पांढरा शर्ट, पांढरी पँट, कपाळाला गंध, हातात पेढ्यांचा बॉक्स आणि एक जाडजूड निमंत्रणपत्रिका. आवाज खालचा.

“तरन्नुमताई कोण?”

“मी.”

“आमचं प्रूफ तुम्हीच वाचलं ना? लई बारीक वाचलंत. एका जागी तुम्ही लाल पेनाने लिहिलं होतं. ‘पुढच्या मजकुराशी संबंध नाही. ठेवायचं का?’ आठवतंय?”

“रोज बरंच लिहावं लागतं, काका. नाही आठवत.”

“माझ्या ध्यानात आहे.” त्यांनी बॉक्स उघडून तिच्यापुढे धरला. “घ्या, पेढा घ्या. मला काय कळंना, ठेवायचं का नाही. मग आईला विचारलं. आई म्हणाली, तुला एकट्याला सांगितलं होतं, गावाला न्हाय. काढ. म्हणून काढलं. बरं केलंत तुम्ही विचारलंत, नाहीतर छापून गेलं असतं.”

पेढा तिच्या तोंडात होता. 

“तरन्नुमची नजर म्हणजे नजर आहे, काका,” आमोद मधे पडला. त्याला यातलं काही माहीत नव्हतं.

“तेच म्हणतो मी. तर परवा रविवारी आईचं सहस्रचंद्रदर्शन आहे. ऐंशीच्या वर गेली म्हातारी, देवाच्या दयेने. तिथे ताईंचा सत्कार करायचाय.”

“माझा? प्रूफरीडरचा सत्कार कोण करतं?”

“आम्ही करतो. आमच्यात विहीर खणली की गवंड्याला पण फेटा बांधायचे.”

“रविवारी मला नाही जमणार, काका.”

“रविवारी तुम्हाला काम असतं, म्हायतेय मला.” हिंमतरावांनी पत्रिका तिच्या टेबलावर, कीबोर्डवर, नीट सरळ ठेवली. “पण ते सकाळी असतं ना? आपला कार्यक्रम संध्याकाळी आहे.”

ते गेल्यावर आमोद म्हणाला, “जायचंच. मी गाडी काढतो. आणि काय गं, सकाळचं कसलं काम असतं तुला?”

“कपडे,” तरन्नुम म्हणाली.

दोन दिवस ती एकाच प्रश्नाभोवती फिरत राहिली : त्यांना कळलंय, की नाही? कळलं असतं तर माणूस ओरडला असता, आमोदकडे गेला असता, पोलिसांत गेला असता. पेढे कोण वाटतं? आणि जायचं टाळलं तर मात्र त्यांना कळेलच. रविवारी सकाळी तिने खोडरबरवर काहीच टाकलं नाही. लोकांनी विचारलं, ‘सर, तब्येत बरी आहे ना?’

संध्याकाळी आमोदची गाडी सिंहगड रस्त्यावर अडकत अडकत धायरी फाट्याला पोचली आणि तिथे पूर्ण थांबली. समोर चौकाच्या वर एक फ्लेक्स होता, रुंदीला दोन दुकानांएवढा. डावीकडे हिरव्या नऊवारीत मथुराबाई. उजवीकडे, त्यांच्याएवढ्याच आकाराची, तरन्नुम. ऑफिसच्या ओळखपत्रावरचा फोटो होता, तोंड जरासं उघडं राहिलेला. खाली ठळक अक्षरं : ‘‘खोडरबर’ या नावाने महाराष्ट्रभर गाजत असलेल्या सुप्रसिद्ध समीक्षक मा. तरन्नुम अत्तार (कसबा पेठ, पुणे) यांचे धायरी नगरीत हार्दिक स्वागत! शुभेच्छुक : समस्त कुदळे परिवार.’

सिग्नल सुटला, पण पुढची गाडी हलली नाही. फ्लेक्सखाली दोन पोरं मोबाइल वर करून फोटो काढत होती.

“श्रद्धा म्हणत होती, काकांनी सत्कारासाठी तुझा फोटो नेला,” आमोद हळूच म्हणाला. मग त्याने पुन्हा वाचलं. ओठ हलवत, लहान मुलासारखं. “तू?”

तरन्नुमने आपल्या बाजूची काच वर केली.

“‘कागद उत्तम आहे, त्यावर काहीही लिहिता आलं असतं.’ ते तू लिहिलंस?”

“हो.”

“तो कागद मी निवडला होता.”

“कागद उत्तमच होता.”

“उतरून रिक्षाने जा म्हणणार होतो मी तुला,” आमोद गियर टाकत म्हणाला. “पण आता तू दिसायला पाहिजेस तिथे. तू नाही गेलीस तर ते मला विचारतील.”

कार्यक्रम एका लॉनवर होता. सोयरेधायरे, माजी नगरसेवक, सोसायटीतली मंडळी, सोन्याच्या चेन घातलेले पुतणे, खुर्च्यांना पांढरे कपडे आणि मागे लाल गाठी. सगळ्यांनी तिच्याकडे बघितलं आणि सगळ्यांनी नमस्कार केला. एकानेही वाकडा शब्द काढला नाही. तिला हाताला धरून, अगदी आदराने, स्टेजवर नेलं आणि मथुराबाईंच्या शेजारच्या खुर्चीवर बसवलं. म्हातारी मूठभर होती. डोळ्यांवर सायीसारखा पडदा होता. गळ्यातला हार तिला जड होत होता.

हिंमतरावांनी माइक घेतला. भाषण त्यांनी लिहून आणलेलं नव्हतं.

“आईचं पुस्तक मी काढलं. कोण वाचणार होतं? भावकीने घेतलं असतं आणि टीव्हीखाली ठेवलं असतं. पण या ताईंनी ते घरोघरी पोचवलं. माझा एक भाऊ होता. गावाला माहीत नव्हता, आमच्या सोयऱ्यांना माहीत नव्हता, माझ्या बायकोला माहीत नव्हता. ताईंच्या कृपेने आज तो सगळ्या महाराष्ट्राला माहीत झाला. पोरं शाळेत त्याच्यावरून हसतात. एवढं मोठं काम आपल्याच्याने झालं नसतं. ताईंचा सत्कार आईच्या हस्ते होईल.”

टाळ्या वाजल्या. रेंगाळत, एकसारख्या, थांबायला नको असल्यासारख्या.

शाल आली, नारळ आला. मग दोन पुतण्यांनी एक टोपली धरून आणली आणि तरन्नुमच्या मांडीवर ठेवली. काटेरी, जांभळी, देठासकटची वांगी होती. चांगली भरगच्च टोपली.

“आमच्यात आता पिकत न्हाईत,” हिंमतराव माइकवरच म्हणाले. “तो बांध होता ना, तिथं आता ‘बी’ विंगचं पार्किंग आहे. मार्केट यार्डातून आणलीत. गोड मानून घ्या.”

कुणी हसलं नाही. तिने हसण्याची वाट पाहिली. हसले असते तर बरं झालं असतं.

ती म्हातारीकडे वळली. माइक दूर होता. “आजी, माझं चुकलं.”

मथुराबाईंनी चाचपडत तिचा हात धरला. तळवा खरबरीत आणि कोरडा होता. “तूच का ती? पतवंडं मोबाइल घिऊन येत्यात. इचारत्यात, पणजी, वांगी कशी व्हती गं? म्या म्हनलं, मला काय ठावं? आमी कुठं खाल्ली? समदी इकली.”

“आजी...”

“त्याचं नाव भैरू व्हतं. ह्यानं बी लिवलं न्हाई, तू बी लिवलं न्हाईस. एवढं समदं लिवलंस, तर नाव तेवढं लिव.” मग त्यांनी हात सोडला. “सरक जरा. फोटूवाला खोळंबलाय.”

“मॅडम, इकडे,” फोटोग्राफर खालून ओरडला. “टोपली जरा वर. स्माइल!”

ती हसली. कॅमेरा समोर धरला की हसायचं, ही सवय तिच्याही अंगात होती.

तो फोटो ती घरी पोचायच्या आत पोचला होता. दादामियाँ दिवाणावर बसून चष्मा कपाळावर चढवून मोबाइल बघत होते. “फोटो अच्छा आया है तेरा,” ते म्हणाले. “टोकरी में क्या है?” मग त्यांनी खालच्या प्रतिक्रिया वाचल्या असाव्यात, कारण मोबाइल उपडा ठेवून ते नमाजाची वेळ व्हायच्या बऱ्याच आधी उठले.

प्रतिक्रिया तिने सगळ्या वाचल्या. ‘दोन वर्षं मी हिला सर म्हणत होतो. माझे सगळे सर परत द्या.’ ‘म्हणजे आता हे आपल्याला मराठी शिकवणार?’ ‘नाव वाचलं आणि सगळं कळलं.’ ‘आमच्या आयांची टिंगल करायला बरी हिंमत होते यांची.’ काल जे लोक वांग्यांवर हसून लोळले होते त्यांनाच आज सगळ्यात जास्त दुःख झालं होतं. विश्रांतवाडीच्या तरुणाने आपलं रील काढून टाकलं आणि मातृत्वावर नवं टाकलं. शिव्यांत ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका फार होत्या. त्या तिच्या डोळ्यांना आपोआप दिसत होत्या आणि त्याचा काही उपयोग नव्हता. तिच्या बाजूनेही एक जण बोलला. निवृत्त गृहस्थ होते, प्रत्येक परीक्षणावर जाडजूड प्रतिक्रिया लिहिणारे. त्यांनी लिहिलं, ‘काही म्हणा, पण मराठी किती सुंदर आहे तिचं!’ या वाक्याला सगळ्यात जास्त लोकांनी पसंती दिली.

दुसऱ्या दिवशी तिने स्वतःच्या नावाने एक निवेदन लिहिलं. ते वाक्य छापील पुस्तकात नाही. मी पुस्तक उघडलंच नव्हतं. लेखकाने आणि त्यांच्या आईने काढून टाकलेलं वाक्य मी जुन्या प्रूफवरून उचललं, ही माझी चूक आहे. आणि शेवटी, कारण तिला तसं सांगितलं होतं : ‘त्या बाळाचं नाव भैरू होतं.’

पहिली प्रतिक्रिया मिनिटाच्या आत आली. ‘भैरूची वांगी. नवीन ब्रँड येतोय मार्केटमध्ये.’ खाली लोक नाव ठरवू लागले, चित्र काढू लागले, लेबल कसं असावं ते सुचवू लागले. तिने निवेदन पुसलं. पण तोवर ते इतक्या ठिकाणी गेलं होतं, की ती सोडून सगळ्यांकडे होतं. आतापर्यंत लोकांना हसायला फक्त वांगी होती. नाव तिने पुरवलं होतं.

आठवडाभर ती घरात बसली. आमोद काढून टाकणार, हे ती धरूनच चालली होती. त्याचा फोन आला तेव्हा तिने सामान न्यायला कधी येऊ, एवढंच विचारलं.

“सामान कसलं? कामावर ये,” तो म्हणाला. आवाजात राग नव्हता, आणि तेच वाईट होतं. “बाकीचे लेखक तुझं तोंड बघायला तयार नाहीत, ते खरंय. पण कुदळेंची दुसरी आवृत्ती निघतेय. पहिली संपली. प्रूफ तूच वाचायचं, अशी त्यांची अट आहे. दुसऱ्या कुणी वाचलेलं चालणार नाही म्हणतात.”

ती गेली. श्रद्धाने तिच्याकडे न बघता प्रूफाचा गठ्ठा टेबलावर ठेवला. तरन्नुमने पहिल्या पानापासून वाचायला घेतलं, पट्टी ओळीखाली धरून, जशी ती नेहमी वाचायची. मोट, पाणी, मंडई. काढलेलं वाक्य परत आलं होतं. ‘माझा धाकटा भाऊ भैरू दीड महिन्याचा असताना तापाने गेला...’ बांध तोच, वांगी तीच. पुढे तेच गुऱ्हाळ. तिने कुठेही ठेवायचं का म्हणून विचारलं नाही.

सगळ्यात शेवटी मलपृष्ठ होतं. तिथे लेखकाचा परिचय असतो, नाहीतर मान्यवरांचे अभिप्राय. मथुराबाईंचा फोटो होता आणि त्याखाली मोठ्या टाइपात एकच अभिप्राय :

‘वांगी चवीला कशी होती?’
तरन्नुम अत्तार, समीक्षक, ‘खोडरबर’

तिने ते दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाचक म्हणून आणि दुसऱ्यांदा अक्षर अक्षर सुटं करून. चूक नव्हती. तिचं नावही बरोबर होतं. न ला न जोडलेला होता, बहुतेक लोक तो विसरतात. ही आवृत्ती वाचनालयांत जाणार होती, भावकीच्या टीव्हीखाली जाणार होती. इंटरनेटवरची गोष्ट आठवड्यात शिळी होते. कागद उत्तम होता.

तिने लाल पेन उचललं आणि समासात, नेहमीच्या बारीक अक्षरात लिहिलं, ‘ठेवायचं का?’

प्रूफ धायरीला गेलं आणि तिसऱ्या दिवशी परत आलं. तिच्या प्रश्नाखाली निळ्या बॉलपेनाने, जरा तिरप्या अक्षरात उत्तर होतं. ‘ठेवायचं. आईला विचारलं.’

आमोद दारात उभा होता. “झालं का? प्रेसवाला थांबलाय.”

तिने पानाच्या तळाशी ‘ओके’ लिहिलं, खाली सही केली आणि तारीख घातली.